सीटवालीनं हात सोडले

"आधी बसून बघते, मग बोलते," हे सीटवालीचं नेहमीचं वाक्य. गिऱ्हाइकाची मोटारसायकल असो नाहीतर शेजारणीची नवी खुर्ची, बाई आधी बसून बघायची. बावीस वर्षं तिनं गाड्यांच्या सीटा शिवल्या. तिच्या हातची शिवण उसवली, असं सांगणारा अजून कुणी भेटलेला नाही.

नवरा कारखान्यात लेथवर. अबोल माणूस. शेहेचाळिसाव्या वर्षी बायको भाचीकडून मातीतली मोटारसायकल उडवायला शिकतेय म्हटल्यावर तोही सरावाला सोबत जाऊ लागला. उंचवट्यावरून उडायचं, हवेत दोन्ही हात हँडलवरून सोडायचे आणि चाकं टेकायच्या आत परत धरायचे. सरावासाठी मोठा खड्डा होता, तिच्याच दुकानातल्या फोमच्या कात्रणांनी काठोकाठ भरलेला. गाडी भाचीची, पण तिची सीट बाईनं स्वतः शिवलेली.

दोन महिने बाई त्या खड्ड्यात पडली. हात सुटले, की गुडघ्यांतून गाडी निसटायची. गाडी एकीकडे, बाई दुसरीकडे.

"मावशी, गुडघ्यांनी आवळ. नुसती कुरवाळतेस काय तिला?" भाची म्हणायची.

"आवळतेच आहे की. तुझ्या काकांचा गळा असता तर एव्हाना सुटले असते बिचारे."

आणि तरी रविवारी खऱ्या मातीवर उतरायचं, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. तिथं फोम नव्हता.

शनिवारी सकाळी खड्ड्यातून गाडी वर काढताना नवरा सीटजवळ वाकला. वरची धूळ जशीच्या तशी. दोन्ही बाजूंना मात्र गुडघ्याएवढी जागा घासून चकचकीत झालेली.

"हे बघ. खरबरीत पट्ट्या तू बसायच्या जागी शिवल्यास. हवेत तू बसतेस कुठे? गुडघे इथं येतात, आणि इथं तर नुसतं गुळगुळीत रेक्झिन."

बाईनं त्या गुळगुळीत जागेवरून बोट फिरवलं. बावीस वर्षं तिनं बसणाऱ्या माणसासाठीच शिवलं होतं.

"अहो, मग दोन महिने काय बघत होतात?"

"काही नाही. तू उडालीस की मी डोळे मिटायचो."

दुपारी तिनं स्वतःची शिवण स्वतः उसवली आणि पट्ट्या दोन्ही बाजूंना घातल्या.

रविवारी नवरा कुंपणापाशी उभा राहिला. गाडी उंचवटा चढली, हवेत गेली. बाईचे हात सुटले, बाजूला पसरले. गाडी गुडघ्यांत राहिली, जागची हलली नाही. हात हँडलवर परत आले आणि मग दोन्ही चाकं मातीला टेकली. नवऱ्यानं श्वास सोडला तो इतक्या मोठ्यानं, की भाची वळून हसली.

बाईनं हेल्मेट काढलं. केस घामानं कपाळाला चिकटलेले.

"लागलं का गं कुठं?"

"नाही हो. दुपारी दोन सीटा द्यायच्यात, मी पुढं होते."

गाडी भाचीच्या हाती देऊन ती निघाली. मातीची वाट, मग फाटक, मग रस्ता. ती वळणाआड जाईपर्यंत काका आणि भाची बघत राहिले.