पाडव्यानंतरच्या चौदा बादल्या

मीटर १.६ दाखवत होता आणि पानांच्या कडा जळत होत्या. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं मला पटत नव्हतं.

"ताई, तुमच्या चार्टाच्या बाहेर मी एक थेंब नाई टाकला," वैशाली म्हणाली.

ते दिसतच होतं. तिच्या रजिस्टरमध्ये एकही रकाना रिकामा नव्हता. माझ्या ओळखीत इतकं नेटकं रजिस्टर ठेवणारी दुसरी व्यक्ती मीच.

मी अमरावतीची. हायड्रोपोनिक्सच्या, म्हणजे मातीशिवाय नुसत्या पाण्यावर भाजी पिकवणाऱ्या युनिटना सल्ला देते. त्या सोमवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोला आणि तिथून दर्यापूर रस्त्यानं वैशालीचं गाव गाठलं. गाव खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या बोअरचं पाणी इतकं खारट की चहा नासतो. म्हणून आम्ही आधी पाण्यातले क्षार काढणारं आरओ यंत्र बसवलं आणि नंतर पॉलिहाऊस उभं केलं.

वैशालीनं अकोल्यातली शाळेची नोकरी सोडून हे युनिट टाकलं होतं. तिनं लेट्यूस लावलं होतं, बर्गरमध्ये असतं ते हिरवं कुरकुरीत पान. अकोल्यातल्या एका हॉटेलवाल्यानं शुक्रवारी दोनशे गड्डे ट्रायल म्हणून मागितले होते. पसंत पडले तर दर आठवड्याची ऑर्डर, नाही तर आहे तसं नागपूरहून मागवू, असं त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. आणि तीन टाक्यांपैकी दोन टाक्यांवरचं पीक आजारी होतं.

आधी थोडं समजावून सांगते. मातीत रोप आपलं खाणं शोधून घेतं. इथे आपण ते टाकीतल्या पाण्यात विरघळवून देतो. ते किती घट्ट झालं हे ईसी मीटर सांगतो. पाण्यात विरघळलेले क्षार जितके जास्त, तितका आकडा मोठा. लेट्यूसला १.६ हवा. दुसरा मीटर पीएचचा, म्हणजे पाणी किती आंबट आहे त्याचा; इथे आकडा जितका लहान, तितकं पाणी आंबट. लेट्यूसला ते सहाच्या आसपास लागतं. सातच्या पुढे गेलं की पाण्यात लोह असूनही रोपाला उचलता येत नाही आणि पानं पिवळी पडतात. ताट समोर, पण तोंड बांधलेलं.

मी माझ्या यादीप्रमाणे सुरुवात केली. दोन्ही मीटर तपासणीच्या द्रावणात बुडवून पाहिले. बरोबर. खताचे ए आणि बी डबे उघडले. बरोबर. आरओच्या नळाचं पाणी मोजलं. ०.१, अगदी स्वच्छ. पंप, पाइप, मुळं, सगळं पाहिलं. बारा वाजेपर्यंत यादी संपली आणि दोष सापडला नाही.

मग मी रजिस्टर घेऊन बाजेवर बसले. ईसी रोज १.६. पीएच रोज सकाळी ६ वर आणलेला. पण ॲसिडचा रकाना वेगळंच सांगत होता. पीएच खाली आणायला थोडं ॲसिड घालावं लागतं. तिसऱ्या टाकीला रोज तेवढंच लागत होतं. पहिल्या दोन टाक्यांना मात्र ते वाढत वाढत तिपटीवर गेलं होतं. बोट वर वर नेत मी सुरुवात शोधली. पाडव्याचा दिवस.

"वैशाली, पाडव्याला इथं काय बदललं?"

"काईच नाई. गुढी उभारली. मी पुरन घातलं."

"पाण्यात काही?"

"पानी तं रोज सकाळी भरल्या जाते. मी पोरीचं आटपून येतो, तवरोक आई भरून ठेवते."

आई म्हणजे तिच्या सासूबाई, गोकर्णाबाई. साठीच्या पुढच्या, उभ्या जन्माच्या भाजीवाल्या. त्या दारातच वाल सोलत बसल्या होत्या आणि आमचं सगळं ऐकत होत्या.

"मावशी, टाकीत पाणी कोणतं भरता?" मी विचारलं.

"तिसऱ्या टाकीत नळाचं. पयल्या दोनीत एकेक बादली बोअरचं, बाकी नळाचं."

वैशालीच्या हातातलं पेन थांबलं. "आई, बोअरचं काऊन?"

"पाडव्यापासून पानपोई लावली ना आपून फाट्यावर. दोन रांजन. त्याले गोडं पानी कुठून आनू? नळाच्या ड्रमातून दोन बादल्या घेतो. घेतलं तेवढं बोअरचं टाक्यायत भरून ठेवतो. कोनाचं बुडवत नाई मी."

"मले सांगाचं तं."

"सांगाचं काय त्यात? मी या घरात आली तवा गोड्या पान्यासाठी दोन कोस जाओ लागे. तू तेच पानी झाडाले पाजून रायली. मानसानं खारं प्यावं अन् पाल्यानं गोडं? हे मले जमलं नाई."

मी दुसरा प्रश्न विचारला. "तिसऱ्या टाकीत का नाही टाकलं?"

"ते पार त्या टोकाले हाय. माये गुडघे पाह्यले का तुमी, मॅडमबाई?"

वैशाली हसली. त्या सकाळपासून पहिल्यांदाच.

आता कोडं सुटलं होतं. ईसी मीटरला क्षार मोजता येतात, खत आणि मीठ यातला फरक कळत नाही. गोकर्णाबाईंनी खारं पाणी घातलं की आकडा आपोआप वर जायचा. वैशाली १.६ पाहून तेवढं खत कमी घालायची. चार्ट पाळला जात होता आणि रोप उपाशी राहत होतं. वर पानांच्या कडा जाळणारं मीठ आणि बोअरच्या पाण्याबरोबर आलेला चुना. तो चुना रोज पीएच वर ढकलत होता, म्हणून ॲसिड तिप्पट.

पण टाकीत मीठ नेमकं किती? थोडं पाणी बदलून भागेल की टाक्याच रिकाम्या कराव्या लागतील, हे त्यावर ठरणार होतं. मी अंदाजानं विचारलं, "मावशी, आत्तापर्यंत साधारण किती बादल्या झाल्या असतील?"

"साधारन काऊन? मोजा."

त्यांनी वालाची टोपली बाजूला ठेवली आणि आम्हाला शेडच्या मागच्या भिंतीशी नेलं. भिंतीवर गेरूच्या रेघा होत्या. दोन ओळी, एकेका टाकीची एकेक. प्रत्येक ओळीत चौदा. एक दिवस चुकलेला नव्हता, एक रेघ वाकडी नव्हती.

मी पंधरा वर्षं लोकांना नोंदी ठेवायला शिकवते आहे. त्या भिंतीवरच्या रेघा मी बोट ठेवून दोनदा मोजल्या. माझ्या छापील रजिस्टरमध्ये सात रकाने होते. पाणी कोणतं, हा रकानाच नव्हता. तो भिंतीवर होता.

हिशेब सोपा झाला. पंधरा लिटरच्या चौदा बादल्या म्हणजे दोनशे दहा लिटर. बोअरचा ईसी दोन. पाचशे लिटरच्या टाकीत त्यानं साधारण ०.८४ ची भर पडली. म्हणजे १.६ पैकी निम्मा आकडा नुसत्या मिठाचा. थोडं पाणी बदलून भागणार नव्हतं. दोन्ही टाक्या पूर्ण रिकाम्या करायच्या, पाइप आरओच्या पाण्यानं धुवायचे, नवीन खत आधी पातळ, मग दोन दिवसांत १.६ वर. मधली नवी पानं दहा-बारा दिवसांत चांगली येतील, जळलेल्या कडा मात्र परत हिरव्या होत नाहीत.

"शुक्रवारी तिसऱ्या टाकीचे ऐंशीच निघतात," वैशाली म्हणाली. "बाकीच्यायची वरची पानं काढून टाकली तं? लहान दिसतीन, पन दोनशे भरतीन."

"अन् पुढच्या शुक्रवारी काय काढशीन?" गोकर्णाबाई म्हणाल्या. "बजारात बसली मी चाळीस साल. गिऱ्हाईक एकडाव वरून फसते. लाव फोन."

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिनं फोन स्पीकरवर लावला आणि सगळं सांगितलं, पाणपोईसकट.

"ऐंशी तं ऐंशी," हॉटेलवाला म्हणाला. "पन चांगलेच आना. बाकीचे कवा?"

"बारा दिवसांनी."

"बारा म्हनजे बारा. तेराव्याले मी नागपूरले फोन करन."

पाणपोईचं काय, हा प्रश्न राहिला. बंद करा म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि गरजही नव्हती. आरओ दिवसाला दोन तास चालायचं. अर्धा तास वाढवला की दोन बादल्या सहज निघत होत्या. आरओनं टाकून दिलेलं पाणी भांडी घासायला. गोकर्णाबाईंनी हे ऐकलं आणि विचारलं, "एवढंच होतं तं आदी काऊन नाई सांगतलं?"

शुक्रवारी ऐंशी गड्डे गेले. बाकीचे अकराव्या दिवशी. हॉटेलवाल्यानं एक गड्डा हातात फिरवून पाहिला आणि दर आठवड्याला दीडशे, असं वहीत लिहून घेतलं. त्याची गाडी येता-जाता फाट्यावरच्या रांजणापाशी थांबते, असं वैशाली सांगते.

माझ्या रजिस्टरमध्ये आता आठवा रकाना आहे: पाणी कोणतं, कोणी भरलं. आणि माझ्या तपासणीच्या यादीत मीटरच्या आधी एक प्रश्न घातला आहे: मागच्या सणापासून घरात काय बदललं? गोकर्णाबाई मात्र रजिस्टरला हात लावत नाहीत. वैशाली रोज भिंतीवरून उतरवून घेते.