वन्संच्या गाडीची काच

बाळांनो, माझ्या नणंदबाई, म्हणजे तुमची दौंडची आत्याआजी, यांच्या मते जगात बिघडलेली वस्तू नसतेच. असतात त्या रुसलेल्या वस्तू, आणि त्यांची समजूत घालायला वन्संइतकं लायक माणूस अख्ख्या तालुक्यात नाही. मिक्सर रुसला की त्या त्याला उलटा धरून थोपटतात. पंखा रुसला की दिवसभर त्याच्याकडे बघत नाहीत, आणि संध्याकाळी तो खरंच फिरतो. नवरा गेल्यावर वर्षभराने त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली, मागची बाकं काढून तिथे पलंग, गॅसची शेगडी आणि फुलाफुलांचे पडदे बसवले आणि बरी सावली दिसेल तिथे मुक्काम करायला सुरुवात केली. भाचीच्या लग्नात त्या कार्यालयाच्या आवारात गाडीतच झोपल्या. सकाळी निम्मं वऱ्हाड चहाला त्यांच्या दारात. उरलेला रंग त्यांना वाया घालवता येत नाही, म्हणून घराचं फाटक, पाण्याची टाकी आणि ती गाडी एकाच निळ्या रंगाची आहेत.

मी अगदी उलट. इंग्रजी शाळेत शिकलेली, डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी, माहितीपुस्तक वाचल्याशिवाय इस्त्रीलाही हात न लावणारी. आम्हा दोघींना एका कामाला जुंपू नये हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण यंदा उसाच्या हंगामात वन्संनी गाडी फाटकाच्या खांबाला घासली, आणि सणसवाडीच्या कारखान्यात असलेला त्यांचा मुलगा, तुमचा काका, म्हणाला की आई, आता गाडी विकायची. वन्संनी दोष काचेवर ढकलला. उसाच्या ट्रॅक्टरांची धूळ, त्यात काचेवर पाणी मारणारी मोटर बंद, मग खांब दिसणार कसा? शेवटी ठरलं की रविवारी काका शेजारी बसेल. पाणी चालू असेल आणि वन्संनी गाडी शिरूरपर्यंत नीट नेली, तर गाडी राहील. लगेच मला फोन आला. "वहिनी, गाडीचं पुस्तक इंग्रजीत हाय. या."

मी शिरूरहून एसटीने गेले, इस्त्रीची साडी नेसून. पुस्तकात क्रम दिला होता: आधी फ्यूज, मग बटण, मग मोटर. मी क्रम मोठ्याने वाचेपर्यंत वन्सं सांडशी घेऊन बॉनेटमध्ये शिरल्या होत्या. फ्यूज चांगला निघाला. मग त्यांनी दोन वायरी जोडलेला एक छोटा बल्ब काढला आणि मला चालकाच्या जागेवर बसवलं. त्या "दाबा" म्हणाल्या की मी बटण दाबायचं. मोटरपर्यंत वीज येत असेल तर बल्ब लागेल. मी मन लावून दाबत होते. बल्ब काही लागेना. वन्संनी बटण खोललं, वायर तपासली, निम्मा डॅशबोर्ड माझ्या मांडीवर काढून ठेवला. मग खिडकीतून डोकं आत घातलं.

"वहिनी, चावी कुठाय?"

चावी माझ्या पर्समध्ये होती. विजेचं काम करताना चावी काढून ठेवावी, असं पुस्तकात ठळक अक्षरांत होतं. मी ते पान उघडून दाखवलं. वन्संनी ते आदराने पाहिलं.

"तुमच्या पुस्तकाला सांगा, करंट येतोय का बघायचं तर करंट लागतो."

चावी फिरवून बटण दाबताच बल्ब लागला. म्हणजे मोटरपर्यंत वीज येत होती, तरी मोटर गप्प. राहिली गाडीच्या पत्र्याला जोडलेली अर्थिंगची वायर. तिचा स्क्रू काढला तर खाली निळ्या रंगाचा जाड थर, आणि रंगातून वीज जात नाही. हा रंग कोणी दिला, असं मी विचारलं. वन्सं म्हणाल्या, कंपनीने. पलीकडे त्याच रंगाचं फाटक उभं होतं. आम्ही सुरीने पत्रा खरवडला, स्क्रू आवळला. आता वन्सं गाडीत बसल्या आणि पाणी कुठून येतं ते बघायला मी वाकले. पाणी आलं. चष्मा, पदर आणि इस्त्री यांचा निकाल लागल्यावर उरलेलं काचेवर पडलं, आणि वायपरने काच लख्ख झाली.

"आजून धुरकटच हाय," वन्सं आतून म्हणाल्या आणि पुन्हा पाणी मारलं. पुन्हा मारलं. मी पदराने पुसलं. त्यांनी बोटाने मधली जागा दाखवली. मी तीही पुसली. त्या काचेतून मला त्यांच्या कपाळावरचा एकेक पांढरा केस दिसत होता.

"वहिनी, तिथं काय हाय का?"

"थोडी धूळ आहे," मी म्हणाले.

"खोटं बोलायला शिकवलं न्हाई वाटतं तुमच्या शाळंत," वन्सं हळूच म्हणाल्या, आणि पडदा सारखा करून डावीकडच्या जागेवर सरकल्या. "डोळ्याचा डॉक्टर शिरूरलाच बसतो ना तुमचा? चला. रविवारच्या आत जाऊन येऊ."

मी आजवर फक्त आपली छोटी गाडी चालवलेली. ते धूड मी बैलगाडीच्या चालीने वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत आणलं. मागचे ट्रॅक्टरवाले माझ्या नावाने काय बोलत होते ते लिहीत नाही. वन्सं शेजारी हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसल्या होत्या, आणि सांगत होत्या: आता वळण येईल, आता उजवीकडे खड्डा हाय, आता वेग कमी करा, शाळा हाय. एकही खुणेची जागा चुकली नाही.