बायडी दुभाषी

दांडी गावातली अंधश्रद्धा कुणी घालवली, असा विषय निघाला की मिशनवाले सिस्टर तेक्लांचं नाव घेतात. गाववाले विचारतात, घालवली कधी? आणि बायडीला विचाराल तर ती आधी तोंडातली मिश्री थुंकते, मग तुम्हाला बोंबलाचा भाव सांगते, आणि मनात आलं तरच पुढचं बोलते.

बायडी मुळातच बडबडी. नवरा एकनाथ होडीवर जायचा आणि ही सुकी मासळी टोपलीत भरून बोईसरला कारखान्यांच्या चाळींत विकायची. तिथे देशभरातली माणसं, म्हणून तिला हिंदी यायची. म्हणजे ती जे बोलायची त्याला ती हिंदी म्हणायची. अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला मिशनने सुरूच्या बनाजवळ दवाखाना काढला आणि केरळहून सिस्टर तेक्ला आल्या. त्यांना मराठी येईना, गावाला त्यांची हिंदी समजेना. तेवढ्यात बोंबील विकायला बायडी दारात उभी राहिली आणि टोपलीसकट नोकरीला लागली. अंगावर पांढरी साडी आली तशी तिची मान जी ताठ झाली, ती पुन्हा वाकली नाही.

सुरुवातीला दवाखान्यात चिटपाखरू फिरकत नव्हतं. गावाचं दुखणंखुपणं जिवल्या भगताकडे होतं आणि त्याचं काही बिघडलं नव्हतं. मग एक दिवस महादू पोट धरून आला, कारण जिवल्या त्या दिवशी लग्नाला गेला होता. सिस्टरनी मराठीची चारदोन वाक्यं पाठ केली होती. त्यांतलं एक होतं, "बाहेरचं काय खाल्लं?" घाईत शेवटचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला. त्यांनी महादूच्या डोळ्यांत बघून विचारलं, "बाहेरचं काय?"

आमच्याकडे बाहेरचं म्हणजे भूतबाधा. महादू जागच्या जागी गार पडला. आदल्या संध्याकाळी तो मसणवटीच्या अंगाने घरी आला होता, आणि हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"होय बाय," तो हात जोडून म्हणाला, "बाहेरचंच हाय."

सिस्टरनी समाधानाने मान हलवली आणि पोटदुखीच्या गोळ्या दिल्या. महादू बरा झाला. त्याने गावभर केलं की मिशनची बाई नुसतं तोंड बघून ओळखते, भगतासारखे सुपात तांदूळसुद्धा मांडत नाही. पुढच्या आठवड्यात दवाखान्याचं बाक पुरेना.

दुसरी एखादी असती तर तिने सिस्टरना गैरसमज सांगून टाकला असता. बायडी गप्प राहिली. तिला धंदा कळत होता. गिऱ्हाईक स्वतःहून बोंबलाला पापलेट म्हणत असेल तर विकणारीने मध्ये तोंड घालायचं नसतं.

तेव्हापासून भाषांतर सुरू झालं. सिस्टर सांगायच्या, पाणी उकळून प्यावं, त्यात जंतू असतात. बायडी सांगायची, "पाण्यात बसलेली हाय ती हडळ. चटका बसला का पळते." गाव पाणी उकळू लागलं. सिस्टर सांगायच्या, जुलाब झालेल्या पोराला साखरमिठाचं पाणी पाजा. बायडी म्हणायची, "दृष्ट काढताना मीठ उतरून चुलीत टाकता ना? ह्या बाईचं मीठ पोटातून उतरवायचं असतं. साखर हडळीच्या नैवेद्याला." ज्या बायांनी सरकारी नर्सला दारात उभं केलं नव्हतं, त्या पोरांना चमच्याचमच्याने मीठपाणी पाजत बसू लागल्या. खोटं कशाला बोलू, पोरं वाचली.

जिवल्या भगताने महिनाभर शिव्या दिल्या. मग मिशनचा दवाखाना रविवारी बंद असतो हे बघून त्यानेही रविवारी अंगात घेणं बंद केलं. देवालाही सुट्टी लागते, असं तो सांगू लागला.

एकदा जर्मनीहून देणगीदार पाहुणे आले. त्यांनी इंग्रजीत विचारलं, सिस्टरनी हिंदीत विचारलं, बायडीने आमच्या भाषेत विचारलं, की तुम्ही पाणी का उकळता? महादूची बायको म्हणाली, "नायतर ती हडळ आतड्यांत बसते." बायडीने हिंदीत सांगितलं, किटाणू बसता है. सिस्टरनी इंग्रजीत सांगितलं आणि पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दवाखान्याला जीप दिली. अडाणी माणसाला ज्ञान मिळालेलं बघून रडू येणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग येतो, पण जीप चांगली होती.

अशी बरीच वर्षं मजेत गेली आणि मग गोष्ट बायडीच्या घरावर आली.

तिची एकुलती एक लेक नलू गावातच दिलेली. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं, सरळ झालं. दुसरं सासरी, म्हणजे सगळा शब्द सासूचा, काशीबाईचा. आठव्या महिन्यात नलूचे पाय सुजले, मग तोंड सुजलं, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे काजवे दिसू लागले. काशीबाईने तिला दुपारी दवाखान्यात आणलं. सिस्टरनी दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघितलं, पुन्हा बघितलं, आणि बायडीला हिंदीत एवढंच म्हणाल्या, आत्ता पालघरच्या मोठ्या दवाखान्यात नेली नाही तर फिट येईल, आई आणि मूल दोघंही जातील.

बायडीच्या हातातला कापसाचा डबा खाली पडला. पण जीभ जागेवर होती.

"विहीणबाय, सिस्टर बोलते बाहेरचं हाय. आताच्या आता पालघरला न्यायची."

काशीबाई हलली नाही. बाहेरचं लागलेल्या गरवार बाईने, ज्याने बाधा ओळखली त्याच्या शब्दावाचून गावाची शीव ओलांडायची नाही, अशी आमच्याकडची रीत. ओलांडली तर हडळ वाटेतच ओढून नेते.

"शब्द तिचा पायजे," काशीबाई म्हणाली. "तुमचा नाय."

"मी तिचाच सांगते हाय!"

"तुमी पोरीची आई. तुमी तिला न्यायला कायपण बोलाल. मना हिच्या तोंडून आयकू द्या." आणि ती सिस्टरकडे वळली. "बाय, बाहेरचं हाय का नाय? एक शब्द बोल."

इतक्या वर्षांत गावात बायडीच्या जिभेवर कुणी शंका घेतली नव्हती. नेमकी आज घेतली, आणि तीही रास्त. बायडी हिंदीत गयावया करू लागली, सिस्टर, नुसतं हां बोलो, मुंडी हलवा, माझी पोरगी जाते हो. सिस्टर गळ्यातला क्रूस मुठीत धरून उभ्या. भूत आहे असं स्वतःच्या तोंडाने सांगायला त्या केरळहून आल्या नव्हत्या. नलू बाकावर कपाळ दाबून कण्हत होती. काशीबाईने तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं. "चल, जिवल्याकडं."

तेव्हा सिस्टर बोलल्या.

"हाय. बाहेरचंच हाय," त्या म्हणाल्या. "मी सोबत येते. शीव ओलांडा, नायतर तुमची सून हातची जाते."

हिंदी नाही, पाठ केलेलं पुस्तकी वाक्य नाही. अस्सल दांडीच्या कोळणीची बोली, हेलासकट. काशीबाईने पदर पुढे करून तिथल्या तिथे सिस्टरच्या पायाला हात लावला. जीप सुटली. फिट आली ती नेमकी पालघरच्या दवाखान्याच्या दारात, आणि डॉक्टरांनी दोघांनाही ओढून काढलं. मुलगी झाली, मुठीएवढी, पण रडली.

परत आल्यावर सिस्टर दोन दिवस जेवल्या नाहीत. फादर यायचे होते, त्यांच्यापुढे पापाची कबुली द्यायची म्हणून त्या प्रार्थनेच्या खोलीत गुडघे टेकून बसून राहिल्या. बायडीला ते बघवेना. लेक आणि नात पदरात पडली होती, तिचं मन भरून आलं होतं. ती पेज घेऊन आत गेली आणि शेजारी बसली.

"सिस्टर, एका शब्दापायी कशाला जीव जाळता? मी तर इतकी वर्षं तुमच्या नावावर हेच सांगते हाय. पाण्यातली हडळ काय, मीठ उतरवणं काय. तुमी एक बोलायच्या, मी दुसरं सांगायची. माफ करा मना."

"ठाऊक हाय," सिस्टर म्हणाल्या.

"काय ठाऊक हाय?"

"सगळंच. पहिल्या वर्षीच कळू लागलं मला तुमच्या गावाचं बोलणं. बाक भरलेलं होतं, पोरं वाचत होती. मी काही बोलले नाही. खोटं तू बोलत होतीस बायडी, मी नुसती ऐकत होते. माझ्या तोंडून कधी आलं नव्हतं."

बायडीने पेजेची वाटी खाली ठेवली. मग ती उठली, पांढऱ्या साडीच्या निऱ्या झटकल्या आणि म्हणाली, "म्हणजे पाप सगळं माझ्या खात्यात आणि पुण्य तुमच्या. आणि जीप मिशनला."

सिस्टर तेक्लांनी पेजेची वाटी जवळ ओढली. बायडी सांगते, मग तिने हेच हिंदीतही सांगून पाहिलं.