गालातलं च्युइंगम

लातूरच्या अभ्यासिकेत तो माझ्या शेजारी बसायचा. सिगारेट कधी ओढली नाही, पण डोकं तल्लख चालावं म्हणून निकोटीनचं च्युइंगम चघळायचा. ते गालात गेल्याशिवाय पुस्तक उघडत नसे. मी बहिणीची लग्नपत्रिका दिली, तेव्हाही वाचण्याआधी त्याचा हात खिशाकडे गेला. तिथंच तो थबकला.

दुसऱ्या दिवशी च्युइंगम नव्हतं. सारखी चुळबूळ चालली होती, दिवसभर एकच पान उघडं होतं. मी म्हणालो, "परीक्षेपुरतं घ्या की."

"परीक्षा गेली तर जाऊ द्या. डोकं माझं हाय, च्युइंगमला इचारून उघडणार न्हाई."

मग त्यानं ती पत्रिका काढली आणि त्या चिडीचूप खोलीत खड्या आवाजात वाचली, अगदी तळाच्या "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" या ओळीपर्यंत.