संध्याकाळी खोटा पडणारा माणूस

कानडी मुलखातल्या चिकपेट बाजारात सयाजीराव अण्णांच्या साडीच्या दुकानात बोलायचं खातं नरसिंगरावाकडे होतं. अण्णा थोरले, ते गल्ल्यावर. धाकटा नरसिंगराव गादीवर. पांढऱ्या गादीवर मांडी ठोकून त्यानं घडी झटकली, की अख्खी साडी हवेत उलगडून गिऱ्हाइकाच्या पायाशी पडायची. "अक्का, स्वल्प पदर तर बघा, घ्या म्हणून कोण सांगतंय!" बाईला कानडीत हसवायचा, तिच्या सासूला तेलुगूत. नुसती चौकशी करायला आलेली बाई पिशवी भरून जायची.

नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं आणि हे बिघडायला लागलं. बिघडलं तेही कसं, तर फक्त संध्याकाळचं.

सकाळी गडी ठणठणीत. दुपार कलली की पापण्या उतरायच्या. दिवेलागणीला जीभ जड, आवाज नाकात, साडी झटकायला उचललेला हात अर्ध्यातून खाली. एकदा लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बाईनं त्याचं बोलणं ऐकलं आणि नाकाला पदर लावला. झालं! पेठेत बोंब उठली, नरसिंगराव प्यायला लागला.

ज्यानं जन्मात पानात तंबाखू घातली नाही, त्याला म्हणे दारुडा! दुकान बंद करताना अण्णा त्याला कपाटामागं न्यायचे. "हं, आ कर." तो मुकाट तोंड उघडायचा. वास यायचा नाही. मग सुटला का तो? राम म्हणा! "वास घालवायचं काहीतरी खातोयस," अण्णा म्हणायचे. वास आला असता तर दारुडा, नाही आला म्हणून पक्का दारुडा. उलट बोलावं तर जीभ लडबडायची, गप्प बसावं तर ती कबुली. आणि डॉक्टर बघायचे सकाळी. सकाळी सगळं ठीक! अशक्तपणाच्या गोळ्या देऊन परत पाठवायचे.

शेवटी एका शुक्रवारी अंबाभवानीच्या देवळात, आरतीनंतर, चार जातभाईंपुढं अण्णांनी त्याला बेलभंडार उचलायला लावला. तळहातावर बेलाचं पान आणि चिमूटभर हळद. "म्हण, यापुढं थेंबाला शिवणार नाही." नरसिंगरावाला म्हणायचं होतं, मी कधी शिवलोच नाही. पण चारचौघांत थोरल्याचा शब्द खाली कसा पाडायचा? अण्णांनी सांगितलं तेच तो बोलला. अरे वेड्या, जे कधी केलंच नाहीस ते सोडायची शपथ घेतोस म्हणजे केलं होतंस असंच झालं की!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीभ पुन्हा जड झाली. आता तो नुसता दारुडा राहिला नाही, अंबाभवानी आईच्या दारात खोटी शपथ घेणारा झाला. अण्णांनी त्याला गादीवरून उठवून माळ्यावर घड्या घालायला बसवलं. देवळात लोक त्याच्या हातचा प्रसाद घेईनात. तो माळ्यावर बसून राहायचा. खाली गिऱ्हाइकं यायची, त्याच्या तोंडात बोलणं तयार असायचं, पण बाहेर पडायला वाट नव्हती. आपल्याच अंगात आपल्याला कोंडलंय, असं त्याला वाटायचं, आणि खूप भीती वाटायची.

सगळ्यात जास्त सलायचं ते बायकोचं. लक्ष्मीदेवी बोलून दाखवत नव्हती, पण सदऱ्याचे खिसे चाचपायची. त्याला ते दिसायचं.

तिनंच शेवटी ते पकडलं. सुटीचा दिवस होता, नरसिंगराव घरीच पोथी वाचत होता, ती समोर वाती वळत बसली होती. पहिली पानं खणखणीत. मग आवाज बसत, नाकात जात, शेवटी नुसतं गुरगुरणं. लक्ष्मीदेवीच्या हातातली वात तशीच राहिली. सकाळपासून हा माणूस तिच्या नजरेसमोरून हलला नव्हता.

"अगं बाई," ती म्हणाली, "मी काय समजत होते!" आणि ती रडायलाच लागली.

पुढच्या शुक्रवारी ती त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या मज्जातंतूंच्या डॉक्टर सुचेता पुण्याच्या होत्या. लक्ष्मीदेवी त्यांना म्हणाली, "आत्ता बघू नका हो. आत्ता हे चांगलेच असतात. आम्ही बाकावर बसतो, संध्याकाळी बघा." आणि बसले दोघं दिवसभर. दुपारी तिनं दुकानात फोन करून अण्णांना संध्याकाळी बोलावलं. भाऊ दवाखान्यातही तमाशा करणार, या धास्तीनं अण्णा तावातावानं आले.

आले तेव्हा नरसिंगराव हनुवटीला हाताचा टेकू देऊन बसला होता, मान पेलत नव्हती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं त्याच्या पापण्या वर गेल्या. मान सरळ झाली. बाहेर दिवे लागले होते, आणि नरसिंगराव स्वच्छ आवाजात म्हणाला, "अण्णा, मी कधीच प्यालो नाही."

अण्णा डॉक्टरांकडं वळले.

डॉक्टर सांगू लागल्या, "काका, मेंदूचा निरोप नसेतून विजेसारखा धावत येतो. पण नस आणि स्नायू यांच्यामध्ये बारीकशी फट असते. ती फट विजेला ओलांडता येत नाही. म्हणून नसेच्या टोकाशी एक रसायन सुटतं, ते पलीकडे स्नायूवर जाऊन बसतं, तेव्हा कुठं स्नायू हलतो. यांच्या शरीरानं स्वतःच त्या बसायच्या जागा खराब करून टाकल्यात. सकाळी रसायन भरपूर सुटतं, तेवढ्यावर भागतं. स्नायू वापरत राहिलं की दर खेपेला कमी सुटतं, मग निरोप पोचतच नाही. इंजेक्शननं ते रसायन जरा जास्त वेळ टिकतं, एवढंच."

"म्हणजे हा आतून बोलतो," अण्णा हळूच म्हणाले, "आणि तोंडाला कळत नाही?"

"अगदी तसंच. गोळ्या घ्याव्या लागतील, दिवसातून अनेकदा, बहुतेक जन्मभर. उद्या मिळतील, आज संपल्यात. आणि या इंजेक्शनचा असर फार वेळ राहणार नाही."

"सरी, बरं, मग आत्ताच देवळात चला," नरसिंगराव उठलाच. "आज आरती आहे. मला संध्याकाळीच सांगायचंय. सकाळी मी नेहमीच खरा असतो."

तिघं रिक्षात बसले. मार्केटपाशी गाड्या तुंबलेल्या, रिक्षा जागची हलेना. आणि हा बाबा बोलत सुटला! महिनोन्‌महिने कोंडलेलं सगळं. माळ्यावरच्या उंदरांचं, त्या लग्नाच्या बस्त्याचं, रिक्षावाल्याशी कानडीत पावसाचं. "अहो, जरा राखून ठेवा," लक्ष्मीदेवी कळवळून म्हणत होती. पण आवाज परत मिळालेल्या माणसाला गप्प कसं बसवायचं? देवळाच्या पायऱ्यांशी उतरेपर्यंत शब्द चिकटायला लागले होते. सभामंडपात पोचला तोवर पापण्या खाली आल्या होत्या.

आरती नुकतीच संपली होती. तेच जातभाई वळून बघू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "आला, ढोसून आला!" नरसिंगरावानं तोंड उघडलं. सांगायचं ठरवलेलं एकच वाक्य होतं, आणि बाहेर आलं ते नाकातलं घोगरं काहीतरी. लोक हसले. त्याला वाटलं, इथंच जमीन दुभंगावी.

तेव्हा अण्णा पुढं झाले. त्यांनी आईपुढच्या ताटातला बेल उचलला, हळद घेतली.

"माझा भाऊ दारू पीत नाही. त्याला आजार आहे," ते म्हणाले. मग बेलाची मूठ वर केली. "रोज मी याच्या तोंडाचा वास घेतला. एकदाही आला नाही. हे मला एकट्याला ठाऊक होतं."

नरसिंगरावाचं काळीज भरून आलं. थोरल्यावरचा सगळा राग त्या क्षणी विरघळला, आणि ते अण्णांना कळावं म्हणून तो हसला. पण गालच वर उचलेनात, ओठ नुसते दातांवरून मागं सरले. ते गुरकावल्यासारखं दिसलं. अण्णांनी मान खाली घातली आणि बेल परत ताटात ठेवला.

मी रागावलो नव्हतो, हसत होतो, एवढं सांगायला दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड मोकळं झालं होतं. अण्णांनी स्वतः त्याला गादीवर नेऊन बसवलं, चहा मागवला, पुन्हा पुन्हा चोरून त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. थोडा वेळ त्यांनीही तसं बघत राहावं, म्हणून नरसिंगरावानं दुपारपर्यंत मुद्दामच काही सांगितलं नाही.