रानात मोबाईल बंद

फर्दापूरच्या कारभारी धनगराचा राग साऱ्या गावाला ठाऊक होता. गुडघ्यानं दगा दिल्यापासून तो घरीच बसायचा आणि मेंढरं घेऊन डोंगरावर त्याची बायको पुतळाबाई जायची.

आज दुपारी त्याचा मोबाईल अचानक भोंग्यासारखा कोकलला. ही सरकारची नवी सोय होती. थोड्याच वेळात विजा पडतील, झाडाखाली थांबू नका, असं फोनच मराठीत बोलून सांगत होता. पुतळाबाई मेंढरं चारायची त्या माथ्यावर आडोसा म्हणून एकच झाड होतं. पाऊस आला की ती त्याच्याखालीच जायची.

त्यानं तिला फोन लावला. तो बंद होता.

उन्हाळ्यात याच भोंग्याची चाचणी झाली होती. तेव्हा तिच्या कमरेला खोचलेला फोन असाच कोकलला, मेंढरं बुजली आणि दोन कोकरं दरीत गेली. कारभारीनं घर डोक्यावर घेतलं होतं. "आजपासून रानात मोबाईल बंद ठिवायचा! कळलं का?"

"व्हय," एवढंच ती म्हणाली होती.

काठी टेकत, पडत-उठत तो गावाबाहेर आला. "पुतळे, झाड सोड गं!" घसा फुटेस्तोवर तो ओरडला. वाऱ्यानं हाक मागं फेकली. माथ्यावर लख्खकन वीज उतरली. त्यानं पुन्हा नंबर लावला.

फोन बंदच होता. पुतळाबाईनं आजवर त्याचा एकही शब्द मोडला नव्हता.