हळदीचा गुण

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी घरात नवी सून. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय ते पाणीसुद्धा घेत नसत, आणि तोच हात वाळत चालला होता. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी, शिरा सुकताहेत, औषध नाही, असं सांगून परत पाठवलं. सासूबाई कुठल्या ऐकायला! त्यांनी दोन्ही वेळा दुधातून हळद आणि मिऱ्याची पूड सुरू केली. कुटायचं काम अर्थातच माझं.

एका सकाळी पूजेत अप्पांचा हात थरथरला. लिंग पडणार म्हणून मी पुढं झाले आणि खालून माझा हात लावला. सुनेनं सासऱ्याचा हात धरायचा! मी पदर पुढं ओढला, त्यांनी डोळे मिटून घेतले. लाजेनं दोघांचाही जीव अर्धा झाला. पण पूजा पुरी झाली, त्या दिवशी ते जेवले. मग ते रोजचंच झालं, देवघराचं दार लोटून. बाहेर आल्यावर सासूबाईंना ते सांगायचे, "धरलं की हातात. हळद लागू पडायलीय." सासूबाईंचा चेहरा असा खुलायचा की मला तोंड उघडवत नसे.

त्यांच्या पोटात ही गोष्ट थोडीच राहणार? एक दिवस खजुरीहून बैलगाडी दारात आली. गाडीत एक तरणा माणूस, दोन्ही हात लुळे. त्याची बायको माझ्याच वयाची.

"अप्पा, हळदीनं तुमचा हात उठला म्हणं. आमालाबी द्या," ती म्हणाली.

सासूबाई डबा आणायला उठल्यासुद्धा. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"एक हळकुंड माझ्या हातावर ठेव, पोरी," अप्पा मला म्हणाले. "अन् लांब सर."

हळकुंड घरंगळून भुईवर पडलं.

"हळदीनं न्हाई, बाई. सून खालून हात लावायलीय."

सासूबाईंनी हातातला डबा खाली ठेवला.

त्या बाईनं हळकुंड उचललं, पुसलं, पदराच्या गाठीला बांधलं. "असू द्या, अप्पा. हळदबी देते. अन् हात लावायला मी हाय की."

चारचौघांत, मोठ्यानं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी मी सवयीनं दार लोटायला गेले.

"ऱ्हाऊ दे उघडं," अप्पा म्हणाले.